उल्हासच्या सखल खोऱ्याची ठेवण आराखड्यात नोंदवा

प्रति,
ठाणे, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, अंबरनाथ व बदलापूर परिसराचे विकास आराखडे आणि रस्ते आखणारी सर्व नियोजन प्राधिकरणे

विषय: विकास आराखड्यांतील फेरबदल आणि नव्या रस्त्यांची आखणी करण्यापूर्वी उल्हास नदीच्या सखल खोऱ्याच्या भूरूपाची नोंद करून ती आराखड्याचा भाग करण्याबाबत.

महोदय,

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 14 मध्ये प्रादेशिक आराखड्यात कोणत्या बाबी असाव्यात याची यादी दिलेली आहे. जमिनीचा वापर, मोकळ्या जागा, दळणवळण, पाणीपुरवठा आणि नवी नगरे यांच्याबरोबरच निसर्गसौंदर्याची स्थळे, वने, वन्यजीव व नैसर्गिक साधनसंपत्ती यांचे जतन हाही विषय त्या यादीत आहे. रस्त्यांसाठी आणि पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे मानके आहेत, तक्ते आहेत, स्वतंत्र विभाग आहेत. भूभागाच्या रूपासाठी मात्र नकाशावरचा हिरवा रंग आणि त्या रंगात काय बांधता येईल याचे नियम, यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. बदलापूरपासून कशेळीपर्यंत पसरलेल्या उल्हासच्या सखल खोऱ्याला हा एकच रंग पुरत नाही, कारण त्या रंगाखाली निरनिराळ्या प्रकारच्या जमिनी दडलेल्या आहेत आणि पावसाळ्यात त्यांतली प्रत्येक जमीन वेगळे काम करते. आराखड्यांना हात लावण्यापूर्वी या खोऱ्याची ठेवण रीतसर नोंदवली जावी आणि ती नोंद आराखड्याचाच भाग व्हावी, या एका मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांतून निघालेली ही नदी कर्जतला सपाटीवर येते आणि माथेरान, चंदेरी, मलंगगड ही रांग डाव्या हाताला ठेवून नेरळ, वांगणी, बदलापूर अशी उत्तरेकडे वाहत जाते. कोकणातल्या बहुतेक नद्या फाल्गुनातच आटतात, उल्हास मात्र मे महिन्यातही वाहती असते. याचे कारण डोंगरापलीकडे आहे. भीमेच्या खोऱ्यातले आंध्रा धरणाचे पाणी 1922 पासून भिवपुरीच्या वीजकेंद्रात उतरवले जाते आणि तिथून ते पेज नदीवाटे उल्हासला मिळते. म्हणजे ज्या नदीला आपण नैसर्गिक म्हणून गृहीत धरतो, तिचे उन्हाळ्यातले रूप शंभर वर्षांपूर्वी माणसांनी केलेल्या एका कामावर उभे आहे. पुढे बारवी येऊन मिळते, टिटवाळ्यावरून येणारी काळू आणि खडवलीवरून येणारी भातसा यांचे पाणी येते, आणि कल्याणला नदीची गाठ भरतीशी पडते. तिथून पुढे लोक तिला खाडीच म्हणतात. डोंबिवलीवरून मुंब्र्यापर्यंत गेलेले तिचे पात्र पारसिकच्या डोंगराला अडते, उत्तरेकडे वळते आणि कशेळी, कोलशेत, गायमुख, घोडबंदर असे करत वसईला समुद्राला मिळते.

वरच्या टप्प्याविषयी, म्हणजे बदलापूरच्या आसपासच्या पट्ट्याविषयी, इथे फार लिहीत नाही. तिथे काठ उंच आहेत, पात्र ठळक आहे आणि पूर आला की तो कुठवर आला हे घराच्या भिंतीवर दिसते. कल्याणच्या खालचा टप्पा मात्र वाचायला अवघड आहे, आणि भराव, गोदामे, पूल, रस्ते यांचा सगळा रेटाही नेमका त्याच टप्प्यावर आहे.

दिव्याहून वसईकडे जाणाऱ्या गाडीत बसून कोपरनंतर खाडीचा पूल ओलांडला की हा टप्पा दोन्ही बाजूंना दिसतो. पाहणाऱ्याला तो सपाट वाटतो. प्रत्यक्षात डोंगराच्या पायथ्यापासून खाडीच्या पाण्यापर्यंत जमीन पायरीपायरीने उतरत आलेली असते आणि प्रत्येक पायरीवरचा वापर ठरलेला असतो. सर्वांत वर वरकस जमीन. तिथे पूर्वी नाचणी-वरी होत असे आणि आता बहुतेक ठिकाणी गवत आहे. त्याखाली माळ. माळाच्या कडेला किंवा एखाद्या उंचवट्यावर गावठाण, कारण आगरी आणि कुणबी वस्त्यांनी घरे बांधताना कुठवर पाणी चढते हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले होते. गावठाणाखाली गोड्या पाण्याची भातखाचरे, ज्यांत भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरला जातो. त्याखाली बांधाआडची खारी शेती, बांधाबाहेर खाजण, म्हणजे भरतीचे पाणी चढते ती खारट दलदल, खाजणात तिवरांचा, म्हणजे खारफुटीच्या झाडांचा पट्टा, आणि शेवटी चिखल, जिथे ओहोटीच्या वेळी निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारताना दिसतात. गावठाणाची पायरी आणि खाजणाची पायरी यांत बहुधा काही फुटांचेच अंतर असते. आपल्या नकाशांवरच्या समोच्च रेषा एवढा बारीक फरक टिपत नाहीत. पाणी मात्र तो बरोबर ओळखते.

या सगळ्या रचनेचे मर्म पाहायचे असेल तर खारबांधावरची एखादी उघाडी जवळून पाहावी. मातीचा बांध मध्येच तोडून तिथे दगडी किंवा काँक्रीटची मोरी केलेली असते आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून बिजागरीने टांगलेली एक झडप असते, बहुधा जाड फळ्यांची. भरती चढू लागली की खाडीचे पाणीच त्या झडपेला आत दाबते आणि मोरी बंद होते. ओहोटी लागली की आतले शेताचे पाणी तिला बाहेर ढकलते आणि मोरी उघडते. वीज नाही, पंप नाही, माणूसही रोज लागत नाही. पहिल्या पावसाचे पाणी शेतात उभे राहून मातीतले मीठ विरघळवते, ते ओहोटीबरोबर बाहेर काढून द्यायचे, पुन्हा पाऊस घ्यायचा, पुन्हा सोडायचा, आणि जमीन पुरेशी गोडी झाली की मगच भात लावायचा, हे सगळे त्या झडपेच्या भरवशावर चालते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सहन करणारे भाताचे वाण काढले तेही अशाच शेतांसाठी. झडपेच्या कडेत एखादी प्लास्टिकची पिशवी किंवा लाकडाचा ओंडका अडकला, तर ती पुरती मिटत नाही आणि उधाणाच्या एका रात्रीत खारे पाणी आत येऊन सबंध हंगाम बुडवते. चिंबोऱ्यांनी (खेकड्यांनी) पोखरलेल्या बांधाला खांड गेली, म्हणजे तो मध्येच फुटला, तरी तेच. आजच्या कोणत्याही विकास आराखड्यात उघाडीसाठी चिन्ह नाही. खारभूमीच्या योजनांची कागदपत्रे वेगळ्या खात्याकडे, गावनकाशे भूमी अभिलेखाकडे, आणि आराखडा आपल्याकडे, अशी ही माहिती तीन कपाटांत विभागलेली राहते.

खांड बुजवली गेली नाही तर पुढे जे होते ते या खोऱ्यात अनेक ठिकाणी झालेले आहे. भरतीचे पाणी रोज आत येऊ लागते, भात थांबते, काही वर्षांत तिवरे मूळ धरतात. मग ती जमीन कांदळवन ठरते. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने कांदळवनांना आणि त्यांभोवतीच्या 50 मीटर पट्ट्याला संरक्षण दिले, ते योग्यच आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सातबाऱ्यावर भातशेती, प्रत्यक्षात तिवरे आणि हाती उत्पन्न शून्य, अशा अवस्थेतल्या शेतकऱ्याला शेजारची उरलेली कोरडी जमीन भराव टाकणाऱ्याला विकण्यावाचून दुसरे काय सुचावे? दुसरीकडे, 2017 च्या पाणथळ नियमांनी पाणथळ या व्याख्येतून नदीचे पात्र, भातखाचरे आणि मीठ, मत्स्यशेती किंवा सिंचनासाठी माणसांनी केलेले जलसाठे वगळले आहेत. उल्हासच्या खालच्या खोऱ्यातून एवढ्या गोष्टी वजा केल्या तर उरते काय? तिवरांचा एक पट्टा उरतो. तेवढा कायद्याने राखला जातो आणि बाकीचे सगळे खोरे कागदोपत्री रिकामी जागा म्हणून उरते. पर्यावरणाच्या बाजूने बोलणारी आम्ही मंडळीही याला काही अंशी जबाबदार आहोत. कांदळवनासाठी आम्ही जेवढा आवाज उठवला, तेवढा खाचरासाठी आणि खारबांधासाठी उठवला नाही.

ही रिकामी म्हटलेली जागा पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. हिशेब साधा आहे: एका एकरावर एक मीटर उंचीचा भराव टाकला की सुमारे 40 लाख लिटर पाण्याची जागा नाहीशी होते. एका गोदामाच्या आवारासाठी असा भराव पाच-दहा एकरांवर होतो, आणि भिवंडी तालुक्यात गोदामे किती आहेत हे आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की नदीला पुढे वाट मिळत नाही. गायमुखाजवळ दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ आलेले असल्याने खालचा रस्ताही अरुंद आहे. अशा वेळी दोन-तीन तास पाणी खाजणांत आणि खाचरांत पसरून थांबणे हाच त्याचा मार्ग असतो, आणि ओहोटी लागली की ते आपोआप उतरते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाल्याची आठवण सर्वांना आहे. त्याच पावसात उल्हासने बदलापूर ते कल्याण काय केले याची आठवण मुंबईच्या गोंधळात मागे पडली. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले, तेव्हा काही दिवस या नदीचे नाव बातम्यांत राहिले.

यावर पूररेषा हे उत्तर दिले जाते. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी, ही पद्धत आहे त्याहून नक्कीच चांगली राबवता येईल, पण ती टाकाऊ नाही. तिची उणीव वेगळीच आहे. दोन रेषांच्या मध्ये बांधणाऱ्याने जोते पुराच्या पातळीच्या वर ठेवले की त्याची इमारत सुरक्षित ठरते. त्या जोत्याने जेवढे पाणी बाजूला सारले ते कुठे गेले, याची नोंद कोणत्याच परवानगीत नसते. ते पाणी जाते जुन्या गावठाणात, जिथली जोती शंभर वर्षांपूर्वीच्या पुराच्या अंदाजाने घातलेली आहेत. पाणी कधी न पाहिलेल्या पाड्यांत गेल्या काही वर्षांत पाणी शिरू लागले, त्याला पाऊस वाढला हे एक कारण असेलही. शेजारी काय उभे राहिले हेही त्याच बरोबरीने तपासायला हवे.

रस्त्यांचेही तसेच आहे. भरावावर घातलेला रस्ता हा या खोऱ्यात आडवा पडलेला बांधच असतो, फरक इतकाच की त्याला उघाडी नसते. 1854 मध्ये रेल्वे ठाण्याहून कल्याणला नेली, तेव्हाही खाडी ओलांडावी लागली. आता समृद्धी महामार्ग भिवंडीजवळ आमण्याला येऊन थांबला आहे आणि तिथून पुढची सगळी वाहतूक याच सखल पट्ट्यातून वाट काढणार, हे उघड आहे. माझे मत असे की या खोऱ्यात शक्य तिथे रस्ता खांबांवरूनच न्यावा. शिळफाट्यानंतर बुलेट ट्रेनचा मार्ग बहुतांशी खांबांवरून जातो. तो डोळ्यांना बोजड वाटतो, मलंगगडाची ओळखीची रेघ तो मध्येच कापतो, याचे मलाही वाईट वाटते, पण त्याच्याखालून पाणी जाते, गुरे जातात आणि शेत एकसंध राहते. भरावाचा रस्ता दिसायला नम्र असतो आणि खोऱ्याचे दोन तुकडे करतो. खर्चाच्या तक्त्यात खांबांचा रस्ता महाग दिसतो, कारण भरावामुळे बुडालेली खाचरे त्या तक्त्यात मोजलेलीच नसतात.

या मुलुखाची ठेवण म्हणताना केवळ पाण्याचा विचार करून भागणार नाही. घाटांवरून उतरलेला माल जिथे भरतीच्या पाण्याला भेटतो, तिथे कल्याण वसले. कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत कल्याणच्या रहिवाशांची नावे कोरलेली आहेत ती या बंदराच्या जोरावर. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि दुर्गाडीच्या पायथ्याशी आरमाराची सुरुवात झाली. अंबरनाथचे शिवमंदिर शके 982 चे, म्हणजे इसवी सन 1060 चे, आणि ते वालधुनी नदीच्या काठावर आहे. मंदिराभोवती संरक्षित अंतर आखलेले आहे. ज्या पाण्यासाठी ते त्या जागी बांधले गेले असणार, त्या वालधुनीची अवस्था आपण जाणताच. दुर्गाडीवरून खाडी, पलीकडची खाचरे आणि मागचे डोंगर एका नजरेत दिसतात. अशी दृश्ये कुठून दिसतात आणि कुठल्या उंचीच्या इमारतीने ती बुजतील, हे लिहून ठेवायला फार खर्च येत नाही.

असे दस्तऐवज करण्याची रीत जगात नवी नाही. इंग्लंडने आपल्या देशाचे 159 भूभाग पाडून प्रत्येकाचे स्वतंत्र वर्णन केले आहे: तिथली माती कोणती, पाणी कसे वाहते, शेते कशी आहेत, वस्त्या कुठे बसल्या, काय बदलते आहे आणि बदल करताना कशाचे भान ठेवायचे. त्यातला सॉमरसेटचा सखल भाग आपल्या खाजणांच्या जवळचा आहे. तिथेही जमीन भरतीच्या पातळीला टेकलेली, चर आणि बांध यांनी राखलेली, गावे उंचवट्यांवर. तिथली पद्धत जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणत नाही. तिथे अडीच हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळत नाही आणि तिथल्या जमिनीचे भाव कल्याण-शीळ रस्त्यासारखे नाहीत. पण आधी वर्णन आणि मग नियोजन, हा क्रम घेण्यासारखा आहे.

आपल्याकडे हे काम दोन ऋतूंत व्हायला हवे: एकदा श्रावणातल्या अमावास्येच्या उधाणाला, जेव्हा पाणी कुठवर चढते ते दिसते, आणि एकदा पौष-माघात, जेव्हा बांध, चर आणि मिठाची पांढरी साय उघडी पडते. ड्रोन आणि लायडारने (लेझर किरणांनी उंची मोजणाऱ्या यंत्राने) फुटाच्या आतला उंचसखलपणा आता मोजता येतो, तो मोजावाच. पण कुठला नाला कुठल्या वर्षी वळवला, कुठल्या बांधाची डागडुजी गाव करत असे आणि ती केव्हा थांबली, चढणीचे मासे कुठल्या खाचरापर्यंत येत, हे आगरी, कोळी, कुणबी आणि कातकरी वस्त्यांतल्या माणसांकडूनच कळेल. त्यांना हरकती-सूचनांच्या सुनावणीला शेवटी बोलावण्याऐवजी पाहणीलाच बरोबर घ्यावे. तयार होणाऱ्या नकाशावर प्रत्येक खारबांध, प्रत्येक उघाडी, पावसाळी ओहोळ, गावठाणाची उंची आणि खाजणाची पातळी असावी. त्याच्या जोडीला भरावाची एक खातेवही असावी, जिच्यात परवानगी देताना किती पाण्याची जागा गेली आणि त्याच खोऱ्यात तेवढी जागा दुसरीकडे कुठे मोकळी केली, हे लिहिल्याशिवाय पुढची सही होऊ नये.

शेतकऱ्याने मात्र हे सगळे फुकट करावे अशी अपेक्षा धरू नये. जी जमीन पाणी घेण्यासाठी मोकळी राहावी असे आपल्याला वाटते, तिच्या मालकाला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे. टीडीआर, म्हणजे त्या जमिनीवरचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची मुभा, देण्याची सूचना काही जण करतात. मला ती पटत नाही, कारण तो टीडीआर अखेरीस याच खोऱ्यात कुठेतरी इमारत होऊन उभा राहील. त्याऐवजी दरवर्षी ठरावीक रक्कम आणि बांध-उघाडीच्या दुरुस्तीचा खर्च थेट गावाकडे, हे अधिक सरळ आहे. पूरग्रस्तांना दर वेळी वाटाव्या लागणाऱ्या मदतीशी या खर्चाची तुलना आपल्या लेखा विभागाने एकदा करून पाहावी.

सुरुवात कुठून करावी याबद्दलही सुचवतो. दिवा आणि मोठागाव एका काठावर, माणकोली आणि काल्हेर दुसऱ्या काठावर, या वळणावर नदीच्या दोन बाजू वेगवेगळ्या प्राधिकरणांच्या हद्दीत आहेत. त्यामुळे प्रत्येक आराखड्यात नदी नकाशाच्या कडेला येते आणि पलीकडचा काठ कोरा राहतो, जणू तिकडे टाकलेल्या भरावाचा इकडच्या पाण्याशी संबंधच नाही. या एका वळणापुरता दोन्ही काठांचा एकत्रित पातळीनकाशा आपण मे महिन्यापूर्वी करून घेतला, तर येत्या पावसाळ्यातले उधाण प्रत्यक्ष जागेवर त्याच्याशी ताडून पाहता येईल आणि उरलेल्या खोऱ्यासाठी काय दुरुस्त करायचे तेही कळेल. त्या पाहणीच्या तारखा दोन्ही काठांवरच्या ग्रामस्थांना आगाऊ कळवाव्यात, ही विनंती.

आपला विश्वासू,
भूगोलाचा एक निवृत्त शिक्षक
कळवा, ठाणे